जेवण चोख, तरी अंगी लागेना

बेताचं आणि पथ्याचं खाल्लं तरी चिंता, शोक, भय, क्रोध, अंथरुणाची गैरसोय आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असं चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितलंय. बंगळूरुच्या आउटर रिंग रोडवरच्या कुठल्याही आयटी पार्कात ही यादी वाचून दाखवली, तर माना डोलतील. शोक वगळला तर बाकीचं बरंचसं तिथं पगारासोबतच मिळतं.

मनाचा पचनावर होणारा हा परिणाम प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायची संधी अमेरिकी लष्करातल्या डॉ. विल्यम बोमाँट यांना मिळाली. १८२२ मध्ये मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि थोड्या वेळानं ओढून तपासायचे. रुग्ण संतापला की पचनाची तऱ्हा बदलते, हे त्यांच्या लक्षात आलं. (अशा प्रयोगात कोण संतापणार नाही म्हणा!) १८३३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणं पुस्तकात छापली.

यामागची यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. धोका जाणवला की मेंदूत सीआरएच हे संप्रेरक स्रवतं. त्यानं जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं मात्र घाईला येतं. म्हणून अप्रेझलच्या सकाळी पोट गच्चही असतं आणि दोनदा पळावंही लागतं. ताण महिनोन्महिने चालला तर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहू शकतं आणि मन गोड-तळकटाकडे ओढ घेतं. सगळ्यांचंच असं होत नाही, काहींची अन्नावरची वासनाच उडते.

जागरणाचं तर विचारूच नका. शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या रात्रींशी तुलना केली तेव्हा भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आणि तृप्तीची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी भरलं. वासना झाली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. प्रयोग छोटा आहे, २००४ सालचा. तरी अमेरिकेच्या घड्याळावर राबणाऱ्या बंगळूरुत तो ध्यानात ठेवावा. घरपोच जेवण आणणारी स्विगी २०१४ मध्ये याच शहरात, कोरमंगलात सुरू झाली. रात्री दोनला बिर्याणी मागवणाऱ्याला जिभेचे चोचले पुरवतो म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, त्याची संप्रेरकंच भूक भूक करत असतात.

आता होलिस्टिक न्यूट्रिशनवाल्यांचं लाडकं वाक्य घेऊ: मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन नव्वद टक्के आतड्यात बनतं, म्हणून आनंदही पोटातच असतो. पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, त्याचं मुख्य काम आतड्याची हालचाल सांभाळण्याचं. केळ्यातल्या सेरोटोनिनचीही तीच गत. पोटाची खबर मेंदूकडे जाते खरी, पण बरीचशी व्हेगस नसेवाटे. या नसेतले बहुतेक तंतू खालून वर निरोप नेणारे असतात.

मग ताटाचा मनावर काहीच परिणाम नाही? आहे, असं ऑस्ट्रेलियातली २०१७ ची एक चाचणी सुचवते. नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी एका गटाला १२ आठवडे डाळी, भाज्या, अख्खी धान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेलाचा आहार सुचवला. दुसऱ्या गटाशी तेवढाच वेळ गप्पा मारल्या. पहिल्या गटात ३२ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यात ८ टक्के. आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होतं, ही त्यातली मोठी उणीव. शिवाय बहुतेकांचे नेहमीचे उपचारही चालू होते. आहाराच्या जोरावर गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

त्या आहारासाठी ऑलिव्हचं तेलच हवं, असं मला वाटत नाही. बंगळूरुच्या बसवनगुडीतल्या जुन्या घरांत नाचणीचा मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि बस्सारू होतो. डाळ आणि पालेभाजी शिजवून पाणी निथळायचं, त्याला मसाला लावून सारू करायचा आणि उरलेल्या गाळाची पल्या, म्हणजे भाजी करायची. आपल्या कटाच्या आमटीचीच युक्ती. धान्य, डाळ, पाला सगळं त्यात आलं. पण पहाटे पाचला कॅबमधून उतरलेल्या माणसाला हे रांधून कोण घालणार आणि तो झोपणार कधी, याचा रकाना कुठल्याही डाएट चार्टमध्ये नसतो.