काँक्रीटातील सळई आणि मीठ

सिमेंट काँक्रीटची इमारत एकदा उभी राहिली की तिची काळजी संपली, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो किती घातक आहे हे गोव्यातील एका दुर्घटनेवरून ध्यानी येते. पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० साली खुला झालेला काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत त्यातील पोलादी तारा आतल्या आत गंजल्या होत्या.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसू शकत नाही; म्हणून त्यात लोखंडी सळया घालतात. सिमेंटमधील अल्कधर्मी द्रव्यांमुळे सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो व तो गंज रोखतो. मिठातील क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदते. मग ओलावा व हवा मिळताच सळई गंजू लागते. या क्रियेत क्लोराइड खर्ची पडत नाही. म्हणून थोडे मीठही दीर्घकाळ हानी करीत राहते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या रेट्याने काँक्रीट तडकते व त्याचे पोपडे सुटतात.

कोल्हापूर जिल्हा समुद्रकाठी नाही, म्हणून येथे निर्धास्त राहता येईल काय? तसे नाही. शिरोळ तालुक्यात उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. अशा भागातील विहिरीचे पाणी तपासल्याविना बांधकामास वापरू नये. भारतीय मानक ४५६ (सन २०००) अन्वये सळईयुक्त काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरला ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. खाडीची न धुतलेली वाळूही वर्ज्य समजावी.

हा विषय वर्गात प्रयोगाने शिकविता येतो. घासून स्वच्छ केलेले दोन साधे लोखंडी खिळे घ्यावेत. एक चुन्याच्या निवळीत व दुसरा चमचाभर मीठ घातलेल्या निवळीत बुडवून बाटल्यांना बुचे लावावीत. निवळी शिक्षकांनी स्वतः हाताळावी. ती डोळ्यांस अपायकारक आहे. काही दिवसांनी पहिला खिळा तसाच स्वच्छ राहिलेला, तर दुसऱ्यावर तांबूस डाग पडलेले दिसतील.

शाळेच्या छताचेही असेच निरीक्षण करावे. सळईच्या रेषेत गेलेली चीर, तांबूस ओघळ, काठीने ठोकले असता येणारा पोकळ आवाज ही गंजाची लक्षणे होत. गंजाचे कारण मीठ आहे की नुसती गळती, हे अभियंत्याने ठरवावे. शिक्षकांनी मात्र त्या चिरेवर गिलावा करून ती झाकू नये. मुलांना त्या छताखालून तत्काळ हलवावे आणि पंचायत समितीस व जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागास लेखी कळवावे. गिलाव्याने चीर दिसेनाशी होते. आतील गंज थांबत नाही.