सातपुड्यात दर्या कुठून आला?

समजा, धुळ्याच्या एका शिक्षकांनी भूगोलाची प्रश्नपत्रिका संगणकावर तयार करून जळगावच्या स्नेह्यांकडे पाठवली. तिथे शिरोरेषा थोडी अंधूक दिसली आणि ‘सातपुड्यातील दऱ्या’ऐवजी ‘सातपुड्यातील दर्या’ अवतरला. डोंगरात समुद्र! वरवर दोन्ही दोष अक्षरांच्या दिसण्याचेच वाटतात. पण त्यांची कारणे अगदी निराळी आहेत.

असा मजकूर पाठवताना संगणक अक्षरांची चित्रे पाठवत नाही, क्रमांक पाठवतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणानुसार द म्हणजे २३४२, र म्हणजे २३५२, हलन्ताचे चिन्ह २३८१ आणि य २३५१. या क्रमांकांवरून चित्र काढण्याचे काम ज्या त्या संगणकातील फाँट आणि आज्ञावली करतात.

फाँटमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते. पडदा मात्र चौकोनी ठिपक्यांचा. वर्गात एक प्रयोग करता येईल. आलेखाच्या कागदावर मोठा ‘त’ काढून रेषेखाली आलेले चौकोन काळे करायला सांगा. वळणावर पायऱ्या दिसतील. आता अर्धवट व्यापलेले चौकोन करडे करून कागद दूर धरा. पायऱ्या विरून वळण गुळगुळीत भासेल. संगणकही हेच करतो.

शिरोरेषा दीड चौकोन जाड असेल तर? एक मार्ग म्हणजे ती ओढून नेमकी एक किंवा दोन ओळींत बसवणे. अक्षर ठसठशीत होते, पण मूळ वळण थोडे बदलते. विंडोजचा परंपरेने कल इकडे आहे. दुसरा मार्ग म्हणजे वळण जपून अर्धी ओळ करडी ठेवणे. हा मॅकचा कल. शिवाय ब्राउझरला मूळ फाँट सापडला नाही, तर तो दुसराच वापरतो. या सर्व प्रकारांत क्रमांक शाबूत असतात. अर्थाला धक्का लागत नाही.

‘दऱ्या’ची गोष्ट वेगळी. त्यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ (२३५३) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत जाताना हे अदृश्य चिन्ह गळले, की रफार होतो आणि दरीचा दर्या होतो. ‘आचाऱ्यांना’ जेवण सांगावे, तर निरोप ‘आचार्यांना’ जातो!

म्हणून आम्ही सुचवतो की, प्रश्नपत्रिका फाँट समाविष्ट केलेल्या पीडीएफ स्वरूपात पाठवावी, आणि त्याआधी प्रत्येक अर्धा र डोळ्यांखालून घालावा. अंधूक शिरोरेषेने विद्यार्थ्याचे फारसे बिघडत नाही. हरवलेल्या एका चिन्हाने मात्र प्रश्नच बदलतो, आणि गुण त्याचे जातात.