मेपल सिरप गाळायला पंप कोणता?

क्विबेक आणि व्हरमाँटमध्ये हिवाळा सरताना मेपलच्या झाडांतून रस पाझरतो. त्यात साखर जेमतेम 2 टक्के. सुमारे 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर सिरप हाती येते. आटताना रसातील कॅल्शियम आणि मॅलिक आम्लापासून बारीक रेतीसारखा साका बनतो. तो गाळला नाही, तर सिरप गढूळ राहते.

चार-दोन बाटल्यांना फेल्टची गाळणी पुरते. त्याहून जास्त सिरपासाठी फिल्टर प्रेस हवा. त्यात सिरपमध्ये डायटम मातीची भुकटी मिसळून ते कागदी थरांतून दाबाने ढकलतात. सिरप 80-90 अंश सेल्सिअसला असते; थंड झाले की दाट होऊन अडते. म्हणून पंप उष्णता सोसणारा आणि खाद्यपदार्थांसाठी योग्य धातूचाच घ्यावा.

गिअर पंपाची धार एकसारखी असते, पण भुकटीने त्याचे दाते झिजतात आणि गाळणी तुंबली की दाब धोकादायक वाढतो. बायपास व्हॉल्व्ह हवाच. हवेवर चालणारा डायफ्राम पंप अशा वेळी आपोआप थांबतो, मात्र त्याला कॉम्प्रेसर लागतो. घरगुती प्रमाणात हातपंपाचा छोटा प्रेस उत्तम: वाढता दाब हातालाच कळतो.