पाहुण्यांना समुद्र दाखवण्याआधी तिथी पाहा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरांतले फोन सुरू होतात. जळगावहून आत्या येणार, शिरपूरहून मामा-मामी येणार, नंदुरबारची भाचेमंडळी तर तिकीट काढूनच कळवतात. उधना स्टेशनावर उतरल्यावर पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र कधी दाखवणार?" खानदेशातल्या पोरांनी तापी पाहिलेली असते, समुद्र पाहिलेला नसतो. आणि सुरतेत राहणाऱ्या माणसाने समुद्र दाखवला नाही, तर त्याचा पाहुणचार अपुरा समजला जातो.

म्हणून आपण सगळे डुमसला जातो. पण आपल्यापैकी बहुतेकांची मुळे समुद्रापासून दूरच्या गावांतली आहेत. पाऊस, विहीर, नदीचा पूर या गोष्टी आपल्याला कळतात. समुद्राचे वेळापत्रक मात्र आपल्या घरात कोणी शिकवलेले नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः पाहुण्यांना घेऊन भलत्या वेळी गेलो. पाणी लांब होते म्हणून पोरे पुढे पुढे गेली. चपला आणि पिशव्या वाळूवर ठेवून आम्ही मोठी माणसे गप्पा मारत बसलो. थोड्या वेळाने पाहतो तर पोरांच्या आणि आमच्या मधल्या सखल भागात पाणी शिरले होते. गुडघाभर पाण्यातून त्यांना हाताला धरून आणले. एक चपलेचा जोड गेला, बाकी काही झाले नाही. पण त्या दिवसापासून मी आधी पंचांग पाहतो आणि मग गाडी काढतो. तो हिशेब सगळ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

आपला समुद्र वेगळा का?

सुरतेचा किनारा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. हे आखात नरसाळ्यासारखे आहे, खाली रुंद आणि वर अरुंद. भरतीचे पाणी आत शिरते आणि जागा कमी होत गेल्याने वर चढते. भावनगरकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. सुरतेस तो त्याहून कमी, पण मुंबईपेक्षा जास्त असतो. त्यात आपला किनारा सपाट आणि चिखलाचा. त्यामुळे ओहोटीला पाणी खूप लांब जाते आणि भरतीला तितकेच अंतर झपाट्याने परत कापते. जुहूला किंवा अलिबागला गेलेल्या माणसाचा अंदाज इथे चुकतो तो यामुळे.

डुमसची वाळू काळी का, असे पोरे हमखास विचारतात. भुताखेताच्या गोष्टी सांगण्यापेक्षा त्यांना तापीची गोष्ट सांगावी. ही नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, आपल्या भुसावळ आणि प्रकाशावरून वाहते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून इथे समुद्राला मिळते. वाटेत ती काळ्या कातळाच्या आणि काळ्या मातीच्या मुलखातला गाळ घेऊन येते. म्हणजे आपण पोटासाठी ज्या दिशेने सुरतेला आलो, त्याच दिशेने आपल्या शेतांची मातीही इथे येत असते.

तिथीवरून भरती कशी ओळखायची?

चोवीस तासांत साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज चारला असेल तर उद्या पाचच्या सुमारास.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. सर्वांत मोठे पाणी त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते. अष्टमीच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात असते, तेव्हा भरती लहान असते. कोकणात तिला भांगाची भरती म्हणतात.

कोकणातले लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. पण हा हिशेब मुंबई-कोकणचा आहे. भरतीची लाट आखातात वर सरकत येते, म्हणून सुरतेस ती मुंबईच्या मागाहून पोहोचते. तेव्हा पंचांगावरून भरती मोठी की लहान एवढेच ठरवावे. नेमकी वेळ मोबाइलवर हजीरा किंवा सुवाळीच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी. मुंबईचा तक्ता पाहून निघू नये.

आणखी एक गोष्ट मोठ्यांनीही लक्षात ठेवावी. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. समजा एकूण चढ पाच मीटर आहे. मग मधल्या दोनच तासांत अडीच मीटर पाणी वाढते. पहिला तास पाहून "पाणी काही फार येत नाही" असे म्हणणारा माणूस नेमका तिथेच फसतो.

सण आणि उधाण एकत्र का येतात?

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात आणि समुद्रही चंद्रावरच चालतो. त्यामुळे सुरतेत ज्या दिवशी किनाऱ्यावर सर्वांत जास्त गर्दी असते, त्याच दिवशी पाणीही मोठे असते.

नारळी पौर्णिमा हा उधाणाचाच दिवस. अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा या आपल्या वस्त्यांतून त्या दिवशी मिरवणुका निघतात. तापीत विसर्जन बंद झाल्यापासून महानगरपालिका कृत्रिम तलाव करते आणि मोठ्या मूर्ती डुमस, हजीरा बाजूला समुद्रात जातात. तिथे क्रेन असते, तराफे असतात, तरबेज माणसे असतात. मूर्ती त्यांच्या हाती दिली की आपले काम संपले. "बाप्पाला स्वतःच सोडणार" म्हणून पोरांनी पाण्यात उतरायची ती वेळ नव्हे. घरच्या मूर्तीसाठी जवळचा कृत्रिम तलाव सर्वांत चांगला. ज्यांचा गणपती पाच किंवा सात दिवसांचा, त्यांचे विसर्जन अष्टमी-दशमीच्या आसपास येते, म्हणजे भांगाच्या दिवसांत. तरीही भाद्रपदात वाऱ्या-पावसाने लाटा मोठ्या असू शकतात, तेव्हा तिथेही सावधपणा हवाच.

कोजागिरीला आपण आटीव दूध पितो. दुसऱ्या दिवशी, आश्विन वद्य प्रतिपदेला, सुरती लोकांचा चंदी पडवो असतो. मावा, सुकामेवा आणि तुपाने भरलेली घारी आणि सोबत तिखट भुसू घेऊन कुटुंबे रात्री उघड्यावर, डुमस रस्त्याच्या कडेला, चटई टाकून बसतात. पाहुण्यांना हा सण जरूर दाखवा. असा सण त्यांना दुसऱ्या शहरात सहसा पाहायला मिळणार नाही. पण बैठक रस्त्याच्या कडेलाच बरी. पौर्णिमेनंतरची ती रात्र, म्हणजे पाणी मोठे. चांदण्यात वाळूवर लांब जाऊ नये.

उत्तरायण मात्र सूर्यावर चालते. १४ जानेवारीला दर वर्षी तिथी वेगळी, म्हणून भरतीही वेगळी. त्या दिवशी धोका पाण्याचा नसून मांज्याचा असतो. दुचाकीवर पाहुण्यांना बसवून फिरू नका. फिरावेच लागले तर गळ्याला मफलर गुंडाळा आणि पुढे लहान मूल बसवू नका.

मग दिवस कसा आखायचा?

आधी भरतीची वेळ लिहून घ्या आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बसवा. भरती पूर्ण होऊन पाणी उतरू लागले की किनाऱ्यावर पोहोचावे. पाणी जवळ असते, पोरांना लाटा दिसतात आणि दर मिनिटाला समुद्र मागे जात असतो. पूर्ण ओहोटी होऊन पाणी परतायच्या आत सगळे वर यावे. मधल्या वेळात डुमसची टोमॅटोची भजी होतात आणि दरिया गणेशाचे दर्शनही.

पाणी चढत असेल तेव्हा शहरात फिरा. पाहुण्यांना शिवाजी महाराजांची सुरत पाहायची असतेच. महाराज इथे जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये आले. चौक बाजाराजवळच्या ज्या किल्ल्यात १६६४ साली मोगल सुभेदार इनायतखान लपून बसला, तो किल्ला दुरुस्त करून आता संग्रहालय म्हणून खुला आहे. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. १६६४ मध्ये इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन तिथे पुरलेला आहे. इतिहासाच्या पुस्तकातला धडा पोरांना असा जागेवर दिसला की तो विसरत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर सुवाळीला जा. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध असल्याने मोठी जहाजे पूर्वी सुवाळीलाच नांगर टाकत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई याच पाण्यात झाली. किनारा मोकळा आणि सुंदर आहे. पण माणसे कमी, म्हणजे हाकेला धावणारेही कमी, हे ध्यानात असू द्या. नवसारीकडे निघालात तर दांडी आहे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मीठ उचलले ती जागा, आणि २०१९ पासून तिथे मोठे स्मारक आहे.

हिवाळ्यात पाहुणे आले तर पोंक खायला न्या. कोवळ्या ज्वारीचा तो आपला हुरडाच, फक्त इथे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर मिळतो. आत्याबाई पहिल्या घासालाच ओळखतील.

निघण्याआधी एवढे घरात सांगा

तक्त्यातली भरती-ओहोटीची वेळ सगळ्यांच्या फोनवर पाठवा. लहान मुलांमागे एक मोठे माणूस नेमून द्या, "सगळे बघतील" म्हणजे कोणीच बघत नाही. गाडी वाळूवर उतरवू नका, ओल्या वाळूत चाक रुतले की भरती थांबत नाही. चिखलात पाय रुतला तर ओढाताण न करता मागे बसून हळूहळू पाय मोकळा करा. पोहता येते म्हणून कोणी पाण्यात जाऊ नये. नदीत किंवा विहिरीत पोहलेल्याला समुद्राची ओढ माहीत नसते. मनाईची पाटी असेल तर ती आपल्यासाठीच आहे. अडचण आली तर ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आपण या शहरात दोन-तीन पिढ्या राहिलो. भाषा शिकलो, घारी आणि लोचो आपलेसे केले, सणात मिसळलो. इथला समुद्रही तसाच शिकून घ्यायचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेलीच असते. पुढच्या वेळी उधन्याला गाडी येण्याआधी तिच्याकडे एकदा नजर टाका, आणि मग पोरांना खुशाल सांगा, "उद्या समुद्र."