कथेतला देव आणि वीतराग

देव हाक ऐकतो, धावून येतो, भक्ताचे संकट निवारतो आणि दुष्टाला शासन करतो. देवाची ही प्रतिमा कथा-कादंबऱ्यांतून आणि मालिकांतून घरोघरी पोहोचली आहे. जैन घरातील मूलही तीच पुस्तके वाचते, तीच दृश्ये पाहते. पाठशाळेत मात्र ते शिकते की जिनेश्वर वीतराग आहेत. ते कोणावर रुष्ट होत नाहीत आणि कोणावर तुष्टही होत नाहीत. मग एखाद्या दिवशी ते विचारते, ‘भगवंत काहीच देत नसतील, तर आपण रोज वंदन कशासाठी करतो?’

हा प्रश्न मुलांपुरता नाही. व्यापारात नफा झाला की ‘भगवंताची कृपा’ आणि तोटा झाला की ‘पूर्वकर्म’, अशी दोन खाती अनेक श्रावकांच्या मनात नकळत उघडलेली असतात. या प्रश्नाचे उत्तर तत्त्वग्रंथांत आहेच. पण आपल्या आचार्यांनी ते कथेच्या रूपानेही दिले आहे.

मधुबिंदूचा दृष्टांत बहुतेक जैन घरांना परिचित आहे. वसुदेवहिंडीत जंबूकुमार तो प्रभव चोराला सांगतात. रानात हत्ती पाठीस लागलेला एक पुरुष विहिरीत लोंबणाऱ्या वडाच्या पारंब्यांना धरून राहतो. खाली अजगर जबडा पसरून आहे, चार दिशांना चार सर्प आहेत आणि वर एक काळा व एक पांढरा उंदीर आधार कुरतडत आहेत. हत्तीच्या धडकेने मधमाश्या उठतात, दंश करतात. अशा स्थितीत पोळ्यातून ओघळणारा मधाचा थेंब त्याच्या ओठांवर पडतो आणि तो सारे भय विसरतो. हत्ती म्हणजे मृत्यू, चार सर्प म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ, दोन उंदीर म्हणजे कृष्ण व शुक्ल पक्ष आणि मध म्हणजे विषयसुख. या दृष्टांताच्या प्रचलित चित्रात वर आकाशात विमान असते. त्यातील विद्याधर हात पुढे करून बोलावतो आणि लोंबकळणारा पुरुष म्हणतो, ‘आणखी एक थेंब, मग येतो.’

या प्रतीकात देवत्वाचे जैन स्वरूप दडलेले आहे. हात पुढे आहे, हाकही आहे. पण पारंबी सोडायची ती त्या पुरुषानेच. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला कोणी उचलून नेत नाही.

ही कथा जैनांपुरती राहिली नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात ती आहे. पुढे बार्लाम आणि जोसाफट यांच्या कथेतून ती युरोपात पोहोचली आणि 1879च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या आपल्या आत्मकबुलीत लिओ टॉल्स्टॉय यांनी पूर्वेकडील जुनी कथा म्हणून तीच सांगितली. टॉल्स्टॉय यांना गुरुस्थानी मानणारे महात्मा गांधी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेहून सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ही दोन्ही स्थाने थोड्याच अंतरावर आहेत. गांधीजींवर ज्यांचा सखोल प्रभाव पडला त्यांत टॉल्स्टॉय यांच्याबरोबर दुसरे नाव होते श्रीमद् राजचंद्र यांचे. ते मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे जैन गृहस्थ होते. 1894 साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतून त्यांना पत्राने प्रश्न विचारले. त्यांत आत्मा म्हणजे काय आणि ईश्वर म्हणजे काय, हेही प्रश्न होते. कर्मबंधापासून मुक्त झालेला शुद्ध आत्मा हेच ईश्वरत्व, जग निर्माण करणारा कोणी वेगळा कर्ता नाही, हे श्रीमदांच्या उत्तराचे सार होते.

हेच तत्त्व सिद्धर्षी गणींनी इसवी सन 906मध्ये भिनमाळ येथे पूर्ण केलेल्या ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ या संस्कृत रूपककथेत रंगविले आहे. निष्पुण्यक नावाचा रोगी भिकारी हातातील खापरात नासके अन्न घेऊन सुस्थित राजाच्या महालापाशी येतो. ‘स्वकर्मविवर’ नावाचा द्वारपाल त्याला आत सोडतो. याचा अर्थ, स्वतःच्या कर्माला फट पडली तेव्हाच दार उघडले. राजाची दृष्टी त्याच्यावर पडते. मग पाकशाळेचा अधिकारी धर्मबोधकर त्याला डोळ्यांसाठी अंजन, पिण्यासाठी जल आणि खाण्यासाठी परमान्न देऊ करतो. ही तीन औषधे म्हणजे सम्यक् ज्ञान, सम्यक् दर्शन आणि सम्यक् चारित्र. भिकाऱ्याला मात्र भीती वाटते, की आपले नासके अन्नच कोणी हिरावून घेईल. तो औषध घेतो, पण खापर सोडत नाही. ते त्याच्याकडून बळाने कोणी काढून घेत नाही. फार पुढे तो स्वतःच ते रिकामे करतो आणि ‘सपुण्यक’ होतो. हा भिकारी म्हणजे आपणच, असे आचार्य स्वतः सांगतात. राजा म्हणजे जिनेश्वर. त्यांची दृष्टी करुणेची आहे, पण तिला कोणावर सक्ती नाही.

अशा दृष्टीने वाचले, तर परधर्मीय लेखकाची कथाही परकी वाटत नाही. टॉल्स्टॉय यांच्या 1872च्या एका कथेतील अक्स्योनोव्ह हा दोन दुकानांचा मालक, तरुण व्यापारी. जत्रेला जाताना त्याच्यावर दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खुनाचा खोटा आळ येतो आणि सव्वीस वर्षे तो सायबेरियात काढतो. शेवटी खरा खुनी त्याच तुरुंगात येतो. त्याचा भुयार खणण्याचा गुन्हा उघड करण्याची संधी असूनही अक्स्योनोव्ह गप्प राहतो आणि पुढे त्याला क्षमा करतो. सुटकेचा हुकूम येतो तेव्हा तो मरण पावलेला असतो. टॉल्स्टॉय ख्रिस्ती परंपरेतले, त्यांचा देव कर्ता आहे. हा भेद पुसून टाकण्याचे कारण नाही. तरीही या कथेत देव बेड्या तोडत नाही. माणसाच्या मनातील वैर सुटते आणि तीच त्याची खरी सुटका ठरते. दरवर्षी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या घराला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

म्हणून मुलांच्या हातून कथा-कादंबरी काढून घेण्याची गरज नाही. कथा वाचून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे, की यात संकट कोणी दूर केले आणि मन कोणी बदलले? चमत्कार दिसला तर तो कशाचे प्रतीक आहे, याचा शोध घेण्याची सवय लागली की श्रद्धा आणि बुद्धी यांत भांडण उरत नाही.

वंदन कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर तर मंदिरातील पाटावर अक्षतांनी रोज रेखाटले जाते. स्वस्तिकाच्या चार भुजा म्हणजे जीव ज्यांत भटकतो त्या चार गती. वरच्या तीन ढिगल्या म्हणजे ज्ञान, दर्शन व चारित्र, धर्मबोधकराची तीच तीन औषधे. त्यांच्याही वर सिद्धशिलेची चंद्रकोर. वाहिलेल्या त्या अक्षता कोणी परत मागत नाही आणि त्यांच्या मोबदल्यात काही मागावयाचेही नसते. जेथे पोहोचावयाचे ते स्थान आणि तेथवरची वाट रोज एकदा स्वतःच्या हाताने रेखावी, हेच वंदनाचे प्रयोजन आहे.