पितळी पुंगळीचे माप

जबलपूरच्या पूर्वेस खमरिया येथे 1942 साली दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. काडतुसांच्या उत्पादनात प्रत्येक माप दोन मर्यादांत बसवावे लागते. त्यासाठी वापरावयाच्या मापकांचे तत्त्व सोपे आहे: एका मापकात वस्तू गेलीच पाहिजे, दुसऱ्यात ती जाता कामा नये.

कारखान्यातील पुंगळी नवी असते. झाडलेल्या पुंगळीची गोष्ट निराळी. दारू पेटताच रायफलच्या कोठीत हवेच्या दाबाच्या तीन हजारपटींहून अधिक दाब निर्माण होतो. पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीस चिकटते व वायूची वाट बंद करते. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते, म्हणूनच ती बाहेर ओढता येते. परंतु ती पूर्वीइतकी बारीक होत नाही. अशी पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वी पोलादी साच्यात दाबून घ्यावी लागते. (भारतात काडतुसे भरण्यास 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक आहे.)

नवशिका बहुधा पुंगळीची एकूण लांबी मोजतो आणि समाधान मानतो. ही मोठीच चूक होय. 303 रायफलचे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते, 7.62 मिलिमीटरचे काडतूस मात्र खांद्यावर, म्हणजे जेथे पुंगळी मानेकडे निमुळती होते तेथे, टेकते. म्हणून येथे बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजावयाचे असते. प्रथम त्याच रायफलमधून झाडलेली पुंगळी मोजावी, नंतर साच्यातून काढलेली. बोल्टच्या रायफलीसाठी खांदा सुमारे 0.05 मिलिमीटर मागे आला म्हणजे पुरे. खांदा मागे आलाच नाही तर बोल्ट बंद होण्यास अडतो. तो फार मागे गेला तर अधिक घातक प्रकार घडतो: दर वेळी पुंगळी पुढे ताणली जाते, बुडाजवळ तिची भिंत पातळ होत जाते आणि शेवटी ती तेथेच तुटते. मग तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. या पातळ वलयाची चाहूल बाहेरील मापकाला लागत नाही. टोक वाकविलेली बारीक तार रिकाम्या पुंगळीच्या आतून फिरविली असता खाच हाताला जाणवते.

एकाच साच्यातून निघालेल्या सर्व पुंगळ्या सारख्या भरत नाहीत. वारंवार वापरलेले पितळ कठीण होते व साच्यातून सुटताच अधिक उसळी घेते. म्हणून एक मोजून भागत नाही. तापमानाचेही तसेच. मापनाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस असते. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. 25 अंशांच्या वाढीने 41 मिलिमीटर पितळ सुमारे 0.02 मिलिमीटर वाढते. पोलादी मापकही वाढतो, पण त्याहून कमी. पुंगळी व मापक काही वेळ एकाच खोलीत ठेवले की बराचसा फरक निवळतो.

धातूच्या पोटातील ताण मापाला दिसत नाही, हे ब्रिटिश सैन्यास भारतातच कळले. घोड्यांच्या पागांत साठविलेल्या काडतुसांच्या पितळास पावसाळ्यात आपोआप तडे जात. 1921 साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी कारण दाखवून दिले: थंड पितळ ओढून घडविताना आत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया. बेताचे तापवून हा ताण सैल करता येतो. काडतुसे कोरड्या जागी, पागेपासून दूर ठेवणे हा दुसरा उपाय.