कुठल्याच बिलात नसलेलं नुकसान

कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. या रस्त्यावर मागून ट्रकने ठोकलेली गाडी गॅरेजातून डेंटिंग-पेंटिंग होऊन अगदी नव्यासारखी बाहेर येते. पण विकायला काढली की जाणकार गिऱ्हाईक आधी डिकी उघडतं, बिजागरीच्या बोल्टांना पाना लागलाय का बघतं. मग पत्र्यावर एक छोटं यंत्र टेकवतं. कंपनीच्या रंगाचा थर साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा; पुट्टी भरलेल्या जागी तो आकडा कित्येक पटींनी चढतो. ‘गाडीला मार बसलाय’ म्हटलं की भाव उतरला. गाडी उत्तम चालते, दुरुस्तीचं बिल विम्याने भागवलंय, तरी मालकाचे पैसे गेलेच.

हे न दिसणारं नुकसान कायद्याला दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. अपघात झालाच नसता तर माणूस जिथे असता, पैशापुरतं तिथे त्याला आणून ठेवायचं, हे भरपाईचं जुनं तत्त्व. इंग्लंडात 1974 साली पेटन विरुद्ध ब्रुक्स खटल्यात अपील कोर्टाने मानलं की दुरुस्तीनंतरही किंमत घटली असेल तर ती मागता येते. मात्र त्या खटल्यात घट पुराव्याने उभी राहिली नाही आणि मागणारा हरला. अमेरिकेत जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये विमा कंपनीला आपल्याच ग्राहकाच्या गाडीची ही घट मोजायला लावली. त्या प्रकरणातल्या परिच्छेदावरून ‘17 सी’ नावाचं सूत्रच तिथे रूढ झालं.

आपल्याकडे स्वतःच्या पॉलिसीतून हे पैसे मिळत नाहीत. घसारा आणि अप्रत्यक्ष नुकसान त्यात स्पष्ट वगळलेलं असतं. चूक समोरच्याची असेल, तरच वाट उघडते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 165 प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा ऐकतं. शिवाय कलम 166 मुळे अर्ज अपघात झाला तिथे करावा की आपण राहतो तिथे, हे अर्जदार ठरवतो. पाटणच्या माणसाची गाडी पुण्यात ठोकली, तरी पुण्याच्या खेपा टळतात.

पण दावा टिकतो तो पुराव्यावर, म्हणून वकील निवडताना त्याने आधी काय मागितलं, ते पाहावं. रक्कम किती मिळेल हे तो पहिल्याच बैठकीत सांगू लागला, तर मी थांबेन. पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल, दुरुस्तीआधीचे फोटो आणि तशाच बिनठोकलेल्या गाडीच्या तुलनेत मूल्यांकनकाराने काढलेला भाव, हे मागणारा वकील हवा. समोरच्याच्या पॉलिसीची प्रतही तो मागेल. कारण तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेसाठी चारचाकीची मर्यादा एरवी साडेसात लाख असली, तरी हप्ता वाचवायला मालकाने ती 6,000 रुपयांवर आणलेली असू शकते. तसं असेल तर उरलेली रक्कम खुद्द मालकाकडून वसूल करावी लागते. अपघाताची तारीखही तो लगेच विचारेल. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आली आहे.

फीचं मात्र आधीच लेखी ठरवा. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो.